मेहरेभाऊंचं ‘अन् नसलं त?’

मेहरेभाऊंच्या बॅगेत एक जोडी चप्पल कायम असते. पायातली चप्पल रस्त्यात तुटली तर घालायला. या जादा चपलेच्या पट्ट्यात एक सेफ्टी पिन टोचून ठेवलेली असते, ती चप्पलही तुटली तर. आणि शर्टाच्या खिशात आणखी एक सेफ्टी पिन असते. ती कशासाठी, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी काहीतरी पोरकट बोलल्यासारखं भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अन् पह्यली पिन नसली त?"

"अन् नसलं त?" हा मेहरेभाऊंचा सगळ्या जगाला एकच प्रश्न आहे. चहा सांगितला, की दूध नसलं त? बसने जायचं ठरलं, की बस नसली त? माझा स्वभाव याच्या बरोबर उलट. मी गाडीत पेट्रोल काटा लाल झाल्यावर टाकते आणि छत्री पावसाळा संपताना विकत घेते. असं असून आमची टेबलं गेली दोन वर्षं एकमेकांना चिकटून आहेत. पहिलं वर्ष मी त्यांच्यावर नुसती हसले. दुसऱ्या वर्षी वैतागले. आता जे होतं ते तुम्हाला सांगते, पण त्याला जरा वेळ लागेल.

आमचं ऑफिस अमरावतीत राजापेठेला, तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली चष्म्याचं दुकान, मधे दोन ट्यूशन क्लास, वर आम्ही. आम्ही वेबसाइटी बनवतो. अमरावती, भातकुली, अकोला इथले साडीवाले, मंगल कार्यालयं, दवाखाने, क्लास अशा चाळीस जणांच्या साइटी आमच्याकडे आहेत. गावंडेसाहेब मालक. मेहरेभाऊ साइटींचं रंगरूप बघतात. मजकूर लिहिणं, बारीकसारीक दुरुस्त्या करणं आणि गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन घेणं ही कामं माझी.

इमारतीला लिफ्ट आहे. भाऊ तिला हात लावत नाहीत. ते जिन्याने येतात आणि पायऱ्या मोठ्याने मोजत येतात. लाइट गेली तर अंधारात आपण कितव्या पायरीवर आहोत ते माहीत पाहिजे म्हणून. भर सकाळी, उजेडात, "त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेचाळीस" असं ऐकू आलं, की नऊ वीस झाले समजायचं. मग भाऊ आत येतात. पंख्याच्या बरोबर खाली येणार नाही अशी बेताने सरकवलेली त्यांची खुर्ची आहे, तिच्यात बसतात. नमस्कार-चमत्कार काही नाही. आधी कॉम्प्युटर लावतात, काहीतरी एक ओळ टाइप करतात, एक मोठा श्वास सोडतात, आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "नमस्कार वर्षाताई. बऱ्या हा ना?"

ती ओळ कसली, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं हजेरी लावत असतील.

राजापेठचा चौक ओलांडताना त्यांना एकदा बघाच. सिग्नल हिरवा होतो, शेजारचे सगळे निघतात, भाऊ थांबतात. उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, पुन्हा उजवीकडे. तोवर सिग्नल लाल. एकदा मी मागून येत होते. माझ्यासमोर त्यांनी तीन सिग्नल घालवले आणि शेवटी एका भाजीवालीला विचारलं, "बाई, जाऊ काय?" ती म्हणाली, "जा ना बाप्पा, कोनी धरलं तुमाले?" मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ही नक्कल करून दाखवली. गावंडेसाहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. भाऊसुद्धा हसले. "हसा, हसा," म्हणाले, "पन मी पोचलो ना?"

आता थोडं कामाचं सांगते. वेबसाइटचा मजकूर एका फाइलीत असतो आणि तिचा साजशृंगार, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, कडेची मोकळी जागा, हे दुसऱ्या फाइलीत. भाऊ यायच्या आधी आम्ही रंग जिथे लागेल तिथे लिहायचो. एका साइटीत तोच लाल रंग शंभर ठिकाणी. मग साडीवाला म्हणायचा, लाल नको, मरून करा. की शंभर ठिकाणी शोधाशोध, आणि एक ठिकाण हमखास राहून जायचं, आणि साडीवाल्याला नेमकं तेच दिसायचं. भाऊंनी येताच हा प्रकार बंद केला. रंगाला वर एकदाच नाव द्यायचं आणि खाली सगळीकडे नुसतं नाव घ्यायचं. लग्नघरात आचारी, मांडववाला आणि बँडवाला यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एका मामाला सांगून ठेवावं, तसं. रंग बदलायचा तर वरची एक ओळ बदला, शंभर ठिकाणं आपोआप बदलतात.

ही नावं इंग्रजीत द्यायची रीत आहे. भाऊंनी ती मराठीत दिली, आणि कॉम्प्युटरने ती मुकाट्याने घेतली. मेहरे मंडळींचा घरचा धंदा फुलांचा, अकोल्याला. त्यामुळे आमच्याकडे पिवळा नाही, झेंडू आहे. लाल नाही, जास्वंद आहे. पांढऱ्याचे दोन प्रकार आहेत, मोगरा आणि निशिगंध, आणि त्यांतला फरक भाऊंशिवाय कोणाला दिसत नाही. पुण्याच्या एका इंजिनियरने एकदा ही फाइल पाहिली आणि घाबरून फोन केला, "अहो, हे असं चालतं का?" भाऊ म्हणाले, "चालून राह्यलं ना."

पण फुलाचं नाव थेट बटणाला लावलेलं त्यांना खपत नाही. "बटन जास्वंद हाये असं नोका म्हनू, वर्षाताई. बटन बटन हाये. आज त्यानं जास्वंद घातली. उद्या शेवंती घालीन. आपन बटनाले बटनच म्हनाव."

शिवाय त्यांच्या मनासारखी एक सोय यात आहे. एखादं नाव घेताना, ते नाव सापडलं नाही तर त्याऐवजी काय वापरायचं, तेही शेजारी लिहून ठेवता येतं. नाही लिहिलं तरी काम अडत नाही, म्हणून फारसं कोणी लिहीत नाही. भाऊ प्रत्येक ठिकाणी लिहितात. ही सोय ज्याने काढली, तोही बॅगेत जादा चप्पल ठेवणारा असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या सगळ्या नावांची एक फाइल आहे. तिला आम्ही ‘मूळ’ म्हणतो. चाळीसही साइटी तिच्यातून रंग घेतात. एखाद्या गिऱ्हाइकाला वेगळा रंग पाहिजे असेल, तर त्याच्या घरच्या फाइलीत तेवढाच बदलायचा, मग तो त्या घरापुरता राहतो. मुळात बदलला तर चाळीस घरांत बदलतो. म्हणून मूळ फाइल उघडायची भाऊंना भयंकर धास्ती. तिच्यात काही करायचं असलं की ते आम्हाला सगळ्यांना कीबोर्डवरून हात उचलायला लावतात. "कोनी हलू नोका." मग कळ दाबतात, डोळे मिटतात, आणि उघडल्यावर चाळीसच्या चाळीस साइटी एकेक करून तपासतात. सगळ्यात वर त्यांनी लिहून ठेवलंय, ‘याले हात लावू नका. लावाच लागला त मले विचारा.’

मी एकदा न विचारता लावला. मागच्या वर्षीची गोष्ट. एका मंगल कार्यालयाला गुलाबी पाहिजे होता, आणि घाईघाईत तो बदल मी त्यांच्या घरी करायच्या ऐवजी मुळात केला. पुढच्या क्षणी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळं राणी कलर झालं. दवाखाना, क्लास, हाडांचे डॉक्टर, एवढंच काय, अंत्यविधीचं सामान पुरवणारे एक काका आमच्याकडे आहेत, तेही राणी कलर. पहिला फोन त्यांचाच आला. मला हसू आवरेना.

भाऊ हसले नाहीत. आणि मला तेव्हा विचित्र वाटलेली गोष्ट अशी, की चाळीस गिऱ्हाइकं बाजूला ठेवून त्यांनी आधी कुठलं तरी काळंभोर पान उघडलं. त्यावर काही मोठी अक्षरं होती, तीही गुलाबी झाली होती. मी मान वळवेपर्यंत त्यांनी ते मिटलं, दोन मिनिटांत सगळं जागेवर आणलं, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. "मले धडधड होऊन राह्यली," म्हणाले. अर्धा दिवस टाकून ते अकोल्याच्या बसने निघून गेले. मला वाटलं, रंगासाठी इतकं? तेव्हापासून मी त्यांच्यावर वैतागायला सुरुवात केली. स्वतःचीच चूक असली की मी तसं करते.

आता धारणीचं सांगते.

मेळघाटात धारणीजवळ एकांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांना साइट पाहिजे होती. तिथल्या मोबाइलवर, तिथल्या नेटवर्कमध्ये ती कशी दिसते हे जाऊन बघणं भाग होतं. गावंडेसाहेबांचा पाय मुरगळला होता, म्हणून भाऊंवर आलं. आठवडाभर आधीपासून त्यांची झोप उडाली. परतवाड्यापर्यंत बस, पुढे घाटातून जीप. "अन् जीपले स्टेपनी नसली त?" हे त्यांनी तिथल्या मालकाला तीनदा फोन करून विचारलं.

त्या दिवशी ते सकाळी सातलाच ऑफिसात येऊन गेले. मी आले तेव्हा ते गेलेले होते, पण जाता जाता त्यांनी मला एक निरोप पाठवला होता. "वर्षाताई, आज दिवसभर फोन चालू ठेवा. चार्ज करून ठेवा." मी तो गावंडेसाहेबांना वाचून दाखवला. "जंगलातून हा माणूस मला वाघाचा रंग विचारणार आहे," असं म्हटलं, आणि आम्ही हसलो.

भाऊ नाहीत हे बघून गावंडेसाहेब म्हणाले, "वर्षा, ते मूळ फाइल जरा साफ करून टाक. भल्ला पसारा झाला तिच्यात. जे कुठीच लागून नाही राह्यलं ते काढ."

या वेळी मी नीट काम केलं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. एकेक नाव घेतलं, चाळीसही साइटींत शोधलं, कुठेच वापरलेलं नसेल तरच काढलं. दोन जुने निळे गेले, एक अबोली गेली. अगदी तळाशी एक नाव सापडलं, ‘दिगू’. भाऊंचं नाव दिगांबर. त्यापुढे रंग नव्हता, वाक्य होतं. "पोचलो. धारणीले जातो. सातले परत."

म्हणजे सकाळची ती हजेरी ही. आम्हाला हात लावू नका म्हणून बजावायचं आणि स्वतः मात्र त्याच फाइलीत रोजनिशी लिहायची! मला अगदी रंगेहाथ चोर पकडल्याचा आनंद झाला. मी ते नाव चाळीस ठिकाणी शोधलं, कुठेही नव्हतं, आणि खोडलं.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"वर्षाताई बोलता काय?" म्हातारा नव्हे, पण थकलेला, बाईचा आवाज. "मी अकोल्याहून आक्का बोलून राह्यली, दिगूची मोठी बहीन. दिगू नाही काय?"

"कोण दिगू?" मी म्हणाले, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं.

"दिगूनं घरी लावून देल्लेल्या टॅबवर तुमचं नाव आलं," ती बाई म्हणाली. "दोन वर्षं झाले, रोज पोचलो येते. आज तुमचं नाव आलं. दिगूनं सांगून ठेवलं होतं, आक्का, हे नाव दिसलं त घाबरू नको, फोनचं दोन नंबरचं बटन दाब. मी एक नंबर दाबला आधी, त्याचा. तिथं ते बाई इंग्रजी बोलून राह्यली. मंग तुमचा दाबला. मी घाबरली, वर्षाताई."

मी तिला फोनवर धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भाऊंच्या कॉम्प्युटरवर शोधलं. चाळीस साइटींच्या यादीत नसलेलं एक्केचाळिसावं पान सापडलं. काळी पाटी, आणि तिच्यावर झेंडू रंगात, पडदाभर मावतील एवढ्या अक्षरांत एकच ओळ. त्या ओळीत लिहिलं होतं, की ‘दिगू’ या नावात जे असेल ते दाखवायचं. आणि ते नाव सापडलं नाही तर त्याऐवजी काय, तेही भाऊंनी नेहमीप्रमाणे लिहून ठेवलं होतं: "वर्षाताईले विचार."

आणि नाव मी खोडलं होतं.

"आक्का, काही नाही झालं, माझी चूक झाली," मी म्हणाले. खोडलेली ओळ परत लिहिली. "आता बघा."

पलीकडून एकेक अक्षर लावत वाचल्याचा आवाज आला. "पो-च-लो. हो. आलं." आणि लगेच, "धारणीले पोचला काय मंग?"

मला माहीत नव्हतं. मला काहीही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "हो आक्का, पोचले. आत्ताच बोलले."

फोन ठेवला आणि भाऊंना लावला. ती इंग्रजी बोलणारी बाई. धारणीच्या मालकांना लावला, तीच बाई. गावंडेसाहेब म्हणाले, "तिकडं नेटवर्क कुठी राह्यते?" मलाही ते माहीत होतं. पण दहा-दहा मिनिटांनी मी लावत राहिले. दोन वाजता मी घाट डोळ्यांसमोर आणला. तीन वाजता त्या घाटातली वळणं मोजत बसले. भाऊंनी अडचणीच्या वेळेसाठी त्या पाटीवर जे लिहून ठेवलं होतं, तेच मी तिला दाखवलं होतं, आणि नंतर ते पुसून वर खोटं बोलले होते. आता खरं काय ते मला आणि आक्काला, दोघींनाही ठाऊक नव्हतं, फक्त आपल्याला ते ठाऊक नाही हे तिला माहीत नव्हतं. मी आयुष्यात परीक्षेला घाबरले नाही, बाळंतपणाला घाबरले नाही. त्या दुपारी मात्र घाबरले, आणि डबा तसाच बंद राहिला.

सात वाजले. साहेब लंगडत घरी गेले. मी बसून राहिले. सात दहाला फोन वाजला.

"सात वाजले, वर्षाताई," आक्का म्हणाली.

काय सांगावं? दुसरं खोटं माझ्या जिभेवर तयार होतं, पण ते निघेना. मी म्हणाले, "आक्का, अजून आले नाहीत. आणि दुपारी मी बोलले ते खोटं होतं. माझं त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. पण मी इथं आहे. ते येईपर्यंत इथंच आहे. तुम्ही फोन ठेवू नका."

मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "बरं झालं सांगतलं. मले दुपारीच समजलं होतं. दिगूशी बोललेलं मानूस असं नाही बोलत. तो आधी पन्नास गोष्टी विचारते."

मग आम्ही दोघी फोन धरून बसलो. पलीकडून बारीक सरसर आवाज येत होता. ती शेवंतीचे हार ओवत होती. डोळ्यांत काचबिंदू, कडेचं काही दिसत नाही, पण सुईचं काम बोटांना पाठ आहे, म्हणाली. मी विचारलं, भाऊ सरळ फोन का करत नाहीत तुम्हाला? ती म्हणाली, "घंटी वाजली का मले भेव वाटते. बाबा फुलं घेऊन लुनावर बाजाराले गेले होते. पोचले नाहीत. शेजारी फोन आला, त्यायनं मले बोलावलं. दिगू बारा वर्षांचा होता. मी त्याले सांगत होती, बाबा पोचले असतीन, तू जेव. अन् मांगून घंटी वाजली." सरसर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. "मंग त्याले मीच वाढवला. शाळेत जाये त मी म्हने, पायऱ्या मोजत जाय, रस्ता पाहून ओलांड. तो तसाच राह्यला. लोक हासतात त्याले. हासतात ना?"

"हो," मी म्हणाले. "मीच जास्त हसते."

"हासा," ती म्हणाली. "पन तुमचं नाव त्यानं उगाच नाही टाकलं."

साडेसात झाले. पावणेआठ. खालचे क्लास सुटले, पोरांचा गलका जिन्यावरून खाली गेला, गाड्या सुरू झाल्या, मग रस्त्याचा आवाज कमी झाला. माझा फोन कानाला चिकटून गरम झाला होता. आणि खालून, अगदी दबका, घोगरा आवाज आला.

"...अठरा, एकोणीस, वीस..."

मी फोन दाराकडे धरला.

"...त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस..."

"शेचाळीस," आक्का फोनमध्ये म्हणाली, आणि मग ती रडली. मीही.

मेहरेभाऊ दारात उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. पायात ती बॅगेतली चप्पल, आणि तिच्या पट्ट्याला पिन लावलेली. मला रडताना बघून त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं? आक्काले काही झालं?"

"तुम्हाला काय झालं ते सांगा!" मी ओरडले.

"पंक्चर झाली घाटात," भाऊ म्हणाले. "स्टेपनी होती. मी पाहून बसलो होतो. पन स्टेपनीच पंक्चर होती, वर्षाताई." त्यांना अजून ते खरं वाटत नव्हतं. "मंग चार किलोमीटर पायी आलो. पह्यली चप्पल तिथंच तुटली. दुसरी परतवाड्यात. फोनची बॅटरी गेली, जादा बॅटरी होती ते जीपमधी राह्यली."

मी त्यांच्या हातात फोन दिला. ते फोनवर फक्त "हो आक्का" एवढंच सहा-सात वेळा म्हणाले. मग खुर्चीत बसले, मूळ फाइल उघडली, आणि मी परत लिहिलेली ओळ पुसून नवी लिहिली. "परत पोचलो. जेवून घे." मोठा श्वास सोडला.

मी सगळं सांगितलं. ओळ मीच खोडली ते, खोटं बोलले ते. वाटलं, आता जिन्यात जाऊन बसतील. ते म्हणाले, "तुमी चाळीस ठिकानी पाह्यलं ना? मंग बराबर केलं. एक्केचाळिसावं मीच तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

"पण माझंच नाव का टाकलंत?"

"तुमी उचलता," भाऊ म्हणाले. "अनोळखी नंबर कोनी उचलत नाही आता. तुमी चिडून उचलता, पन उचलता. दोन वर्षं पाह्यलं मी."

कौतुक असं कोणी करत नाही, आणि मला त्याच्याइतकं दुसरं कुठलं आवडलेलं नाही. पडद्यावर ते काळं पान उघडं होतं. मला त्यांचाच प्रश्न सुचला, आणि थट्टेत विचारावा तसा मी विचारला.

"अन् मी नसले त, भाऊ?"

मला ठाऊक होतं, अशा ठिकाणी पहिल्यानंतर दुसरं आणि दुसऱ्यानंतर तिसरंही लिहिता येतं, कितीही लिहिता येतं. आमच्या एका बटणाला तर भाऊंनी चार रंग ओळीने लावून ठेवले आहेत, हा नसला तर तो. भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

"पाह्यलं होतं मी," ते हळूच म्हणाले. "तिथं लिहाले कोनी भेटलं नाही."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, तुटक्या चपलेची पिन पुन्हा नीट बसवली आणि पायऱ्या उलट्या मोजत खाली गेले.

मी आता पेट्रोल आधीच भरून ठेवते. फोन रात्री उशाशी चार्जला असतो. आणि राजापेठचा चौक हिरवा सिग्नल मिळाल्यावरही उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघूनच ओलांडते.